सही एकाची, अधिकार कुणाचा?

प्रश्न : मी सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात सेटर आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने 50 टक्के टॅरिफ लावलं आणि ऐन सीझनमध्ये आमचा ओव्हरटाइम बंद झाला. आता म्हणतात, तिथल्या कोर्टाने ते टॅरिफच बेकायदा ठरवलं. मग लावलं तेव्हा त्यांची संसद काय करत होती? एक माणूस सही करतो आणि अंधेरीत आमच्या घरचं गणित बिघडतं, हे लोकशाहीत कसं बसतं? आणि तो पैसा परत मिळाला तर आमच्या हातात काही पडेल का?
— एक कारागीर, मरोळ, अंधेरी (पूर्व)

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत एच-1बी व्हिसावर आहे. गेल्या सर्वपित्री अमावास्येला तो इथे वडिलांच्या श्राद्धासाठी आला होता. शनिवारी पहाटे फोनवर फोन सुरू झाले की रविवारच्या आत परत जा, नाहीतर एक लाख डॉलर भरावे लागतील. रविवारी कळलं की जुन्या व्हिसावाल्यांना ते लागूच नाही. इतका मोठा निर्णय असा रातोरात तिथे कोण घेतो?
— एक आई, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ही दोन्ही पत्रं एकाच टपालात आली नव्हती, पण त्यांचं उत्तर एकत्रच देतो, कारण खोदत गेलं की दोन्ही प्रश्न एकाच जागी पोचतात. तुम्हा दोघांनाही सही करणारा माणूस दिसला. त्या सहीमागे जो कायदा होता तो दिसला नाही, आणि तो कायदा बदलू शकणारी पण न बदलणारी जी सभा आहे, ती तर बातमीत कधी येतच नाही. माझ्या मते तुमच्या घरापर्यंत पोचलेल्या दोन्ही निर्णयांत अध्यक्षाच्या कृतीइतकाच वाटा काँग्रेसच्या स्वस्थ बसण्याचा आहे. आपल्याकडच्या वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो, ही काँग्रेस म्हणजे तिथली संसद. तिची दोन सभागृहं आहेत : 435 सदस्यांचं प्रतिनिधिगृह आणि 100 सदस्यांची सिनेट.

आधी मरोळचा प्रश्न. एक अंगठी घेऊ, सोन्याची, खडे जडवलेली, कस्टम्सच्या कागदावर किंमत 1,000 डॉलर. अशा दागिन्यावर अमेरिकेचं नेहमीचं आयातशुल्क साडेपाच टक्के, म्हणजे 55 डॉलर. ते तिथला आयातदार भरतो, आणि वर्षानुवर्षं त्याने ते आपल्या भावात धरलेलं आहे. 7 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर आणखी 25 टक्के आले. शुल्क 305 डॉलर झालं. रशियाकडून तेल घेतो म्हणून 6 ऑगस्टला आणखी 25 टक्क्यांचा आदेश निघाला आणि तो 27 ऑगस्टला लागू झाला. आता त्याच अंगठीवर 555 डॉलर. अंगठी तीच, खडे तेच, तुमची मजुरी तीच. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसचा माल ऑगस्ट-सप्टेंबरातच सहारच्या कार्गोतून जायचा असतो, त्यामुळे तारखा याहून वाईट पडूच शकल्या नसत्या. 27 तारखेआधी जेवढं काढता येईल तेवढं काढायचं म्हणून आधी रात्रपाळ्या झाल्या असतील आणि मग एकदम शांतता. तुमच्या पत्रातला ओव्हरटाइम असा गेला.

आता हा कर लावण्याचा अधिकार कुणाचा? अमेरिकेच्या राज्यघटनेत याचं उत्तर पहिल्याच अनुच्छेदाच्या आठव्या कलमात आहे : कर आणि आयातशुल्क ठरवायचं ते काँग्रेसने. अध्यक्षाचं त्यात नावही नाही. आणि जवळजवळ दीडशे वर्षं काँग्रेस हे काम खरोखर स्वतः करत होती. कुठल्या मालावर किती, हे सदस्य एकेक ओळ करून ठरवत. त्यातून देवाणघेवाण चाले. तू माझ्या मतदारसंघातल्या साखरेला सांभाळ, मी तुझ्या लोकरीला. 1930 च्या स्मूट-हॉली कायद्यात ही देवाणघेवाण इतकी वाढली की हजारो वस्तूंवरचे दर चढले, बाकीच्या देशांनीही उलट दर चढवले आणि आधीच मंदीत असलेला जगाचा व्यापार आणखी आटला. पोळलेल्या काँग्रेसने 1934 मध्ये ठरवलं की दर कमी-जास्त करण्याचं काम काही मर्यादेत अध्यक्षाकडे दिलेलं बरं. तेव्हापासून ती एकेक कायदा करून अधिकार सोपवत गेली : 1962 चा, 1974 चा आणि आपल्या कामाचा 1977 चा, ज्याचं नाव आहे आंतरराष्ट्रीय आणीबाणी आर्थिक अधिकार कायदा.

बोरिवली-मुलुंडच्या कित्येक घरांत एक कागद असतो. भाऊ परदेशी जाताना फ्लॅटचे व्यवहार बघायला दुसऱ्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो. काँग्रेसने अध्यक्षांना दिलेले हे सगळे कायदे म्हणजे अशी मुखत्यारपत्रंच आहेत. मालकी तिचीच, सही त्यांची. प्रश्न येतो तो मुखत्यारपत्र रद्द करायची वेळ येते तेव्हा. ते कसं रद्द होतं, किंवा का होत नाही, यात तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. आणि ती गोष्ट सुरू होते एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यापासून.

जगदीश राय चड्ढा केनियात जन्मलेले, आईवडील भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. 1966 मध्ये शिकायला ओहायोत गेले. व्हिसा संपला तोवर केनिया स्वतंत्र होऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांना परत जायला धड ठिकाण उरलं नव्हतं. 1974 मध्ये तिथल्या इमिग्रेशन न्यायाधीशाने त्यांची परिस्थिती पाहून हद्दपारी थांबवली. पण त्या काळच्या कायद्यात काँग्रेसने एक तरतूद ठेवली होती : अशी सवलत आमच्या दोनांपैकी कुठल्याही एका सभागृहाला पटली नाही, तर ते एकट्याने ती रद्द करू शकेल. डिसेंबर 1975 मध्ये प्रतिनिधिगृहाने शेकडो नावांच्या यादीतून सहा नावं काढून त्यांची सवलत रद्द केली. चर्चा नाही, मोजून मतदान नाही. त्या सहांत चड्ढा होते.

चड्ढा कोर्टात गेले. 23 जून 1983 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी निकाल दिला की काँग्रेसला काही रद्द करायचं असेल तर कायदा करूनच करावं लागेल, म्हणजे दोन्ही सभागृहांत ठराव आणि मग अध्यक्षाची सही. नुसत्या ठरावाने चालणार नाही. चड्ढा राहिले, पुढे अमेरिकेचे नागरिक झाले. एका माणसावर झालेला अन्याय दूर झाला आणि ते योग्यच झालं. पण त्याच निकालाने जवळजवळ दोनशे कायद्यांमधली अशी तरतूद निकामी झाली. काँग्रेसने अधिकार देताना आपल्या हातात जो लगाम ठेवला होता, तो सुटला.

आणीबाणीचे कायदेही त्यातच आले, आणि 1977 चा कायदा आणीबाणी जाहीर करूनच वापरता येतो. 1976 च्या कायद्यात लिहिलं होतं की अध्यक्षाने जाहीर केलेली आणीबाणी दोन्ही सभागृहांचा साधा ठराव झाला की संपेल. चड्ढा निकालानंतर 1985 मध्ये ते बदलावं लागलं. आता ठरावावर त्याच अध्यक्षाची सही हवी, ज्याची आणीबाणी रद्द करायची आहे. तो अर्थातच नकाराधिकार वापरणार. मग तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. 2019 मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी जाहीर केलेल्या आणीबाणीचं हेच झालं : दोन्ही सभागृहांनी ठराव केला, 15 मार्चला ट्रम्प यांनी तो परत पाठवला, प्रतिनिधिगृहात पुन्हा मतदान झालं ते 248 विरुद्ध 181. बहुमत भरपूर, पण दोन तृतीयांश नाही. आणीबाणी राहिली. मुखत्यारपत्र द्यायला साधं बहुमत पुरतं, परत घ्यायला दोन तृतीयांश मतं लागतात. माझ्या दृष्टीने अमेरिकेच्या आजच्या राजकारणातली सर्वांत मोठी गाठ हीच आहे.

2025 मध्ये काँग्रेसने प्रयत्नच केला नाही असं नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सिनेटने ब्राझीलवरचं टॅरिफ थांबवणारा ठराव 52 विरुद्ध 48 मतांनी मंजूर केला. अध्यक्षांच्याच पक्षाचे पाच जण विरोधकांबरोबर गेले. लगोलग कॅनडावरच्या आणि जगभरच्या टॅरिफविरुद्धचेही ठराव झाले. पण प्रतिनिधिगृहात तेव्हा त्यांना वाटच नव्हती. कायदा म्हणतो की असा ठराव आला तर समितीने पंधरा दिवसांत तो पुढे पाठवायचा. त्यावर मार्च 2025 मध्येच उपाय काढून ठेवला होता. खर्चाच्या विधेयकाचं कामकाज ठरवणाऱ्या नियमात बहुमतवाल्यांनी एक ओळ घातली : फेब्रुवारीत कॅनडा-मेक्सिको-चीनवर लावलेल्या टॅरिफच्या आणीबाणीपुरता या अधिवेशनाचा उरलेला एकही दिवस ‘दिवस’ म्हणून मोजायचा नाही. सूर्य उगवत होता, मावळत होता, पण सभागृहाच्या दफ्तरी त्या अधिवेशनात पंधरा दिवस कधी भरणार नव्हते. एप्रिलमध्ये जगभरच्या टॅरिफच्या आणीबाणीलाही काही महिने असंच कुलूप लावलं. तुम्ही विचारता संसद काय करत होती. ती हे करत होती. मतदान होऊ न देणं हेही कामच आहे, आणि ते कुणीतरी बहुमताने मंजूर केलेलं आहे.

सदस्य असं का वागतात? आपल्याकडे आमदार-खासदाराला बंधनकारक व्हिप असतो, पक्षांतरबंदी कायदा असतो, पुढचं तिकीट वरून यायचं असतं. तिथे यातलं काहीच नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून सदस्यत्व जात नाही. पण तिकीट ठरतं ते पक्षाच्या मतदारांच्या प्राथमिक निवडणुकीत, आणि त्या निवडणुकीत येणारे लोक थोडे पण कट्टर असतात. त्यांचा अध्यक्षावर जीव असेल, तर अध्यक्षाला दुखावणाऱ्या सदस्याची पुढची निवडणूक घरातच अडते. प्रतिनिधिगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी. म्हणजे ही भीती कायम उशाशी. सिनेटरला सहा वर्षं मिळतात, म्हणून पाच जण हिंमत करू शकले असं मला वाटतं.

एक फरक आणखी मोठा आहे. आपल्याकडे लोकसभेत बहुमत गेलं की सरकार जातं, म्हणून सरकार आणि सभागृह एकाच दिशेला चालतात. अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळा निवडलेला. काँग्रेसने त्याचं विधेयक पाडलं तरी तो तिथेच. त्यामुळे भांडण सुटत नाही, साठून राहतं. आणि साठलेलं भांडण शेवटी जातं कोर्टात.

टॅरिफचं तसंच झालं. मोठमोठ्या कंपन्या बहुतेक गप्प राहिल्या. खटला भरला तो लहानांनी : न्यूयॉर्कचा एक वाइन आयातदार, इलिनॉयची मुलांची शैक्षणिक खेळणी विकणारी कंपनी, आणि त्यांच्या जोडीला बारा राज्यं. त्यांचं म्हणणं साधं होतं. 1977 च्या कायद्यात ‘आयातीचं नियमन’ असे शब्द आहेत, पण टॅरिफ किंवा शुल्क हा शब्द कुठेही नाही, आणि 2025 पर्यंत एकाही अध्यक्षाने या कायद्याखाली टॅरिफ लावलेलं नाही. व्यापार न्यायालयाने मे 2025 मध्ये वाइन आयातदाराच्या आणि राज्यांच्या बाजूने निकाल दिला, ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने 7 विरुद्ध 4 मतांनी तो उचलून धरला. पण अपिलाच्या काळात वसुली चालूच होती, आणि तुमचा सीझन त्याच काळात गेला. भारतापुरता दर 18 टक्क्यांवर आणण्याची घोषणा फेब्रुवारी 2026 च्या सुरुवातीला झाली. त्याच महिन्याच्या 20 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की या कायद्याने अध्यक्षाला टॅरिफ लावता येत नाही. हा अधिकार काँग्रेसचा. बहुमतात ट्रम्प यांनीच नेमलेले दोन न्यायाधीश होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

निकालानंतर काही तासांतच अध्यक्षांनी 10 टक्क्यांचं नवं जागतिक टॅरिफ जाहीर केलं, या वेळी 1974 च्या कायद्याच्या 122 व्या कलमाखाली. म्हणजे एक मुखत्यारपत्र चाललं नाही तर कपाटातून दुसरं काढलं. फरक इतकाच की या दुसऱ्यात मर्यादा लिहिलेल्या आहेत : दर जास्तीत जास्त 15 टक्के, मुदत 150 दिवस, आणि पुढे चालवायचं तर काँग्रेसने मतदान करायचं. 1974 च्या सदस्यांनी ही मुदत घातली नसती, तर तुमच्या कारखान्याला तेवढाही आधार नसता.

आणि सही होण्याइतकंच सही न होणंही तुमच्या धंद्यात चालत आलेलं आहे. विकसनशील देशांच्या मालाला शुल्कमाफी देणारी जीएसपी नावाची अमेरिकेची योजना 1976 पासून होती. भारतीय सोन्याच्या दागिन्यांची ती सवलत 2007 मध्ये गेली. उरलेल्या मालाचीही 5 जून 2019 रोजी ट्रम्प यांच्या जाहीरनाम्याने गेली. त्यानंतर 31 डिसेंबर 2020 ला ती योजनाच सगळ्या जगासाठी संपली, कारण काँग्रेसने तिची मुदत वाढवली नाही. भारताला ती परत द्यावी म्हणून कितीही शिष्टमंडळं गेली, तरी द्यायला तिथे योजनाच शिल्लक नव्हती.

आता मुलुंडच्या काकूंचं पत्र. तुमच्या घरच्या त्या शनिवारचा हिशोब असा : एक लाख डॉलरच्या शुल्काच्या जाहीरनाम्यावर अध्यक्षांनी सही केली शुक्रवारी, 19 सप्टेंबर 2025 रोजी. अंमल रविवारी, 21 तारखेला तिथल्या मध्यरात्री 12 वाजून 1 मिनिटाने, म्हणजे आपल्या रविवारी सकाळी साडेनऊला. इथे पानं वाढायची तयारी आणि तिथे कंपन्यांचे वकील सगळ्यांना ‘आहात तिथून निघा’ असे ईमेल पाठवत होते. सॅन फ्रान्सिस्कोत दुबईकडे निघालेल्या विमानातून लोक उतरले. मूळ जाहीरनाम्यात जुन्या व्हिसाधारकांचं काय, हे स्पष्ट नव्हतं. आणि तिथले मंत्री शुल्क ‘दरवर्षी’ भरावं लागेल म्हणाले. शनिवारी सरकारने खुलासा केला की शुल्क नव्या अर्जांवर आहे, एकदाच आहे. एखादा कायदा काँग्रेसमधून आला असता तर समितीत कुणीतरी ‘सध्या सुट्टीवर असलेल्यांचं काय?’ असं नक्की विचारलं असतं. सही एकट्याची असली की तो प्रश्न विचारणारा कुणी नसतो. तुमच्या मुलाने तिकिटासाठी जे पैसे आणि जी झोप घालवली, ती या गाळलेल्या पायरीची किंमत.

हा जाहीरनामा 1952 च्या इमिग्रेशन कायद्यातल्या 212 (एफ) या कलमावर उभा आहे. परदेशी माणसांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला तर अध्यक्ष तो थांबवू शकतो, असं ते कलम म्हणतं. हा कायदा त्या वेळच्या अध्यक्षांना, ट्रुमन यांना, मान्य नव्हता. त्यांनी नकाराधिकार वापरला होता आणि काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी तो मोडून कायदा केला. म्हणजे एका अध्यक्षाने नको म्हटलेला कायदा आज अध्यक्षांच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार झाला आहे. 2018 मध्ये काही देशांच्या नागरिकांवरच्या प्रवेशबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी या कलमाचा फार विस्तृत अर्थ मान्य केला. एक लाख डॉलरच्या शुल्काविरुद्ध उद्योगांची संघटना, यूएस चेंबर ऑफ कॉमर्स, ऑक्टोबर 2025 मध्ये कोर्टात गेली, आणि 23 डिसेंबरला वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने शुल्क वैध ठरवलं. टॅरिफमध्ये कोर्टाने अध्यक्षाला अडवलं, इथे पहिल्या पायरीवर तरी नाही. कारण काँग्रेसने 1977 मध्ये जपून शब्द वापरले होते आणि 1952 मध्ये सढळ हाताने.

पण काकू, मला तुमचं लक्ष त्या एक लाख डॉलरपेक्षा दुसऱ्याच एका आकड्याकडे वळवायचं आहे : सात टक्के. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला सुमारे 1,40,000 ग्रीन कार्डं देते आणि 1990 च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही एका देशाच्या लोकांना त्यातली साधारण सात टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. आइसलंडला सात, भारतालाही सात. बोरिवलीच्या बाभई नाक्यापासून मुलुंडच्या नवघरपर्यंत ज्या घरांत ‘त्याचं ग्रीन कार्ड कधी?’ हा प्रश्न दर गणपतीत विचारला जातो, त्या सगळ्यांचं उत्तर या आकड्यात अडकलेलं आहे. रांग कित्येक दशकांची आहे. लहानपणी नेलेली मुलं एकवीसची झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. हे कुणाच्या एका सहीने झालेलं नाही.

आणि हे बदलायला बहुतेक सगळे तयार होते, हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. एच.आर. 1044 नावाचं विधेयक, ही देशवार मर्यादा काढणारं, 10 जुलै 2019 रोजी प्रतिनिधिगृहात 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्षांची मतं. इतकं बहुमत तिथे आजकाल क्वचित दिसतं. सिनेटमध्ये तसंच एक विधेयक होतं. युटाचे माइक ली यांनी ते सर्वसंमतीने मंजूर करून घ्यायचा मार्ग धरला; म्हणजे चर्चेत वेळ जात नाही, पण शंभरांपैकी एकानेही हात वर केला तर संपलं. रँड पॉल यांना परदेशी परिचारिकांची सोय हवी होती, त्यांनी अडवलं. त्यांची समजूत पटली तर डेव्हिड पर्ड्यू. मग डिक डर्बिन, कारण एकूण कार्डं न वाढवता नुसती रांग बदलली तर बाकीच्या देशांवर अन्याय होतो असं त्यांचं म्हणणं. मग रिक स्कॉट. एकेकाला राजी करायला एकेक कलम वाढत गेलं. शेवटी 2 डिसेंबर 2020 ला सिनेटनेही विधेयक मंजूर केलं!

पण ते आता प्रतिनिधिगृहाच्या विधेयकापेक्षा वेगळं झालं होतं. दोन्ही मसुदे जुळवून एकच शब्दन्‌शब्द दोन्हीकडे मंजूर व्हायला हवा होता. हातात महिना होता. 3 जानेवारी 2021 ला ती काँग्रेस विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर विधेयकही. दोन्ही सभागृहांनी होकार दिला, कुणी पाडलं नाही, कुणी नकाराधिकार वापरला नाही, तरी कायदा झाला नाही. यातल्या एकाही माणसाला मी खलनायक म्हणणार नाही. डर्बिन यांचा मुद्दा तर खराच होता. पण यंत्रणा अशी आहे की नको म्हणायला एक पुरतो आणि हो म्हणायला सगळे लागतात, तेही एकाच मजकुराला, एकाच वेळी. म्हणून सदस्य कायदा करायचं सोडून अध्यक्षाकडे बघतात, आणि अध्यक्ष जुन्या कलमांकडे.

तुमची सून तिथे नोकरी करत असेल, तर त्या नोकरीचंही मूळ तिथेच आहे. एच-1बीवाल्यांच्या, एच-4 व्हिसावरच्या पात्र जोडीदारांना काम करण्याची परवानगी ओबामा सरकारने मे 2015 पासून दिली ती नियम काढून, कायदा करून नाही. कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीत ज्यांच्या जागी एच-1बीवाले आले आणि ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, अशा अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यावर दहा वर्षं खटला लढवला. त्यांचंही दुःख खरं होतं. ते हरले, ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील ऐकायला नकार दिला. तोवर परवानगी टिकली. पण नियमाने दिलेलं दुसरा नियम काढून घेऊ शकतो. कायद्याने दिलेलं तसं सहज जात नाही. सुनेला तिची कागदपत्रं मुदतीच्या पुष्कळ आधी नूतनीकरणाला टाकायला सांगा, एवढं मात्र मी आवर्जून म्हणेन.

काही वाचक विचारतात, तिथे आता आपला माणूस आहे ना? आहे. श्री ठाणेदार चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि जानेवारी 2023 पासून मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात आहेत. आपल्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ते 435 पैकी एक आहेत, अल्पमतातल्या पक्षात आहेत आणि त्यांना मतं देतात डेट्रॉइटचे लोक. त्यांचं पहिलं काम त्या लोकांचं. तुमच्या मुलाने लिहायचं ते त्यांना नाही, तर न्यू जर्सीतल्या आपल्याच मतदारसंघाच्या सदस्याच्या कार्यालयाला. मतदार नसलेल्या रहिवाशाचंही अडकलेलं प्रकरण ती कार्यालयं इमिग्रेशन खात्याकडे पाठपुरावा करून मार्गी लावतात. हे काम फारसं कुणाला माहीत नसतं, पण ते रोज चालतं.

राहिला मरोळचा शेवटचा प्रश्न, पैसा परत मिळाला तर हातात काय पडेल. सरळच सांगतो. अमेरिकी कस्टम्सला शुल्क ज्याने भरलं, म्हणजे ज्याच्या नावावर माल उतरला, त्या आयातदाराचाच परताव्यावर हक्क. तुमच्या कारखान्याने शुल्क भरलेलं नाही, म्हणून त्याचा थेट हक्क नाही. पण बऱ्याच एक्सपोर्टरांनी ग्राहक टिकवायला त्या काळात भावात सूट देऊन टॅरिफचा काही भार स्वतः उचलला. ती सूट इनव्हॉइसवर किंवा क्रेडिट नोटवर ‘टॅरिफपोटी’ अशी लिहून दिली असेल, तर मालकांना आयातदाराकडे त्यातला वाटा मागायला आधार आहे. नुसताच भाव कमी लावला असेल, तर मागणं कठीण. बुडालेला ओव्हरटाइम यातल्या कुठल्याच कागदावर नाही. तुम्ही आणि तुमच्या सोबतच्या कारागिरांनी मालकांना विचारायचं ते दुसरंच : टॅरिफच्या नावाखाली तुमच्या पीस-रेटमध्ये जी कपात झाली असेल, ती नव्या ऑर्डरींना अजून चालू आहे का, आणि असेल तर कुठल्या टॅरिफपोटी?